काठावरचे तांबडे ठिपके

फोन वाजला तेव्हा अन्न निरीक्षकाचा अर्धा चेहरा साबणाने माखलेला होता. सुट्टीनंतरची पहिलीच सकाळ होती. खिडकीतून येणारा उजेड इतका फिकट होता, की त्याला यायचेच नव्हते असे वाटावे.

"काचवसाहतीत विषबाधा झालीय," पलीकडून त्याचे साहेब बोलत होते. "कालच्या सुट्टीच्या जेवणातून. इस्पितळ भरलंय. एक म्हातारा पहाटे गेला. फौजदारांनी आचारीणबाईला ताब्यात घेतलंय. तू जा, नमुने घे, संध्याकाळपर्यंत अहवाल दे. तुझ्या अहवालावर तिच्यावर खुनाचं कलम लागायचं की नाही ते ठरणार आहे."

"एकटाच जाऊ?"

"मग काय वरात काढतोस? बाकी सगळे रजेवर आहेत."

निरीक्षकाने चेहरा पुसला आणि तो निघाला. अर्धी दाढी तशीच राहिली, हे त्याच्या ध्यानात आले नाही. तो तिशीच्या आतला, अबोल माणूस होता. माणसांसमोर त्याची जीभ अडखळे. भांड्यांसमोर मात्र त्याला बोलावेच लागत नसे, आणि म्हणूनच की काय, ही नोकरी त्याला मानवली होती.

काचवसाहत म्हणजे बंद पडलेल्या काच कारखान्याच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या घरांच्या रांगा. कारखाना चालू होता तोवर वर्षअखेरच्या सुट्टीचे जेवण मालक देत. भट्ट्या विझल्यावर वसाहतीने ते स्वतःच्या अंगावर घेतले. पुढे दरवर्षी ताटातले काहीतरी कमी होत गेले. आधी फळे गेली, मग गोड गेले, मग दुसरी भाजी गेली. यंदा डाळ, भात आणि पाव एवढेच उरले होते. तरी जेवण झाले होते. ते व्हावे म्हणून धडपडणारा एकच माणूस होता. कारखान्यात तो काच निववण्याच्या भट्टीवर मुकादम होता आणि अजूनही सगळे त्याला मुकादमच म्हणत.

सभागृहाच्या दाराशी फौजदार उभे होते. पोट पुढे, टोपी मागे.

"या साहेब. दाढी अर्धीच? सरकारने ब्लेडमध्येही काटकसर सुरू केली वाटतं."

निरीक्षकाने गालावर हात फिरवला आणि तो लाजला.

"केस उघड आहे," फौजदार आत शिरता शिरता म्हणाले. "बाईची मजुरी ऐन वेळी निम्मी केली. बाई भडकली. सगळ्यांसमोर म्हणाली, 'माझ्या पोटावर मारताय, तुमच्या पोटात काय जाईल ते बघा.' आता बघितलं सगळ्यांनी. आणि हे सापडलं, चुलीमागच्या फळीवर."

त्यांनी कागदाचा चुरगळलेला पुडा पुढे केला. आत पांढरी पूड होती.

एवढे बोलून फौजदार कोपऱ्यातल्या करड्या दुलयांच्या ढिगावर ऐसपैस बसले. निरीक्षकाने फळीवरची व्हिनेगरची बाटली उचलली आणि चिमूटभर पुडीवर एक थेंब टाकला. पूड फसफसली.

"विष उकळतंय," फौजदार म्हणाले.

"खायचा सोडा आहे. याने कुणी मरत नाही."

"मग तो चुलीमागे दडवला कशाला?"

निरीक्षकाने पुडा खिशात ठेवला. तो भांड्यांकडे वळला. भांडी घासणारेच आजारी पडल्याने सगळे जसेच्या तसे पडले होते. एक मोठे पातेले होते, त्यात माणूस बसला असता. शेजारी एक लहान पातेले. दोन्हींच्या तळाशी डाळीचा थर होता.

लहान पातेल्यातला थर पिवळाधमक होता. मोठ्यातला मळकट, नारिंगीकडे झुकलेला. आणि मोठ्याच्या काठावर, जिथे उकळताना उडालेली डाळ वाळून खरवड धरली होती, तिथे तांबडे ठिपके होते. जणू कुणी कुंचला झटकला होता. निरीक्षकाने नखाने खरवड काढली. ठिपके वरच्या वरच होते. आतली खरवड पिवळीच होती.

त्याने पातेल्याची कडी धरून ते तिरके केले. हात सोडल्यावर बोटे चुणचुणू लागली. कडीच्या सांध्यात काहीतरी चमकत होते, केसाहून बारीक.

भिंतीशी पराती रचून ठेवल्या होत्या. सगळ्यात वरच्या परातीवर त्याने बोट फिरवले. बोटावर धूळ आली.

"काही सापडलं का?" फौजदारांनी मांडी खाजवत विचारले.

"काय ते अजून कळत नाही."

"मला पिसवा सापडल्यात बहुतेक."

मागच्या पायरीवर एक बाई गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. ती मुकादमांची सून. रात्रभर इस्पितळात जागून किल्ली द्यायला आली होती. निरीक्षक तिच्यापासून थोडे अंतर राखून उभा राहिला.

"ताई, डाळ कुणी शिजवली?"

"मोठी आचारीणबाईंनी. आदल्या संध्याकाळी. इथे मोठी शेगडी एकच आहे, म्हणून. लहान पातेलं काल सकाळी मी लावलं."

"सकाळी आचारीणबाई नव्हत्या?"

"नाही. सकाळची मजुरी वाचवायची म्हणून मामंजींनी त्यांना येऊ नका सांगितलं. यंदा सगळंच वाचवायचं होतं. मिठाचं पाकीटसुद्धा माझ्या घरचं आहे."

"दोन पातेली कशासाठी?"

"जेवायला तीन फेऱ्या बसतात. पहिल्या दोन फेऱ्यांना मोठं पातेलं पुरतं. तिसरीला लहान."

"आजारी कोण पडलं?"

"पहिल्या फेरीतले, दुसऱ्या फेरीतले. दिवे लागल्यानंतर एकेका घरातून ओरड सुरू झाली. तिसऱ्या फेरीतलं कुणी नाही. मीही तिसरीलाच होते. मला काही नाही झालं." ती थांबली. "वाटतं, झालं असतं तर बरं. लोक तोंडाकडे बघतात."

"रात्री इथे कोण होतं?"

"मामंजी आणि फुंक्याकाका. राखायला झोपले होते." फुंक्या म्हणजे कारखान्यात नळीने काच फुगवणारा जुना कारागीर; पहाटे गेलेला म्हातारा तोच. "दोघं एकत्र कामाला लागलेले. मामंजींना अजून सांगितलं नाही आम्ही."

"मुकादमसाहेब कसे आहेत?"

"अंगात त्राण नाही. सगळ्यांत आधी तेच आडवे झाले. तिसरी फेरी उठत होती, ऊन अजून अंगणात होतं, आणि ते या पायरीवर बसून ओकायला लागले. आम्हाला वाटलं थकवा. दोन दिवस पायाला भिंगरी होती त्यांच्या."

"ते कुठल्या फेरीला जेवले?"

"तिसऱ्या. दरवर्षी शेवटीच बसतात. ताट पुढ्यात घेऊन बसलेले मी बघितले."

"काल सकाळी मोठ्या पातेल्याला काही वास येत होता?"

"छे. बोट बुडवून चाखली, जरा अळणी वाटली, म्हणून मीठ टाकलं. आणि अजून गरम होतं. हात लावला तर चांगली ऊब. मी म्हटलं, बरं झालं, गॅस तसाही लहान पातेल्यापुरताच उरला होता."

निरीक्षकाने मान वर केली. "आदल्या संध्याकाळी उतरवलेलं पातेलं सकाळी गरम होतं?"

"मोठं आहे ना. धरून ठेवतं ऊब."

"आणि हा सोड्याचा पुडा?"

तिने पाहिला. "हा आमच्या घरचा. सकाळी मामंजी उजाडता उजाडता आले होते. म्हणाले, पोटात जळजळतंय, सोडा दे. तेव्हाच त्यांना बरं नसावं, नाही का? कामाच्या नादात माझ्या लक्षात नाही आलं."

ती डोळ्यांना पदर लावून उठली. निरीक्षक तिथेच उभा राहिला. कारखान्याची चिमणी भिंतीपलीकडून डोकावत होती. तिच्यातून बरीच वर्षे काही निघालेले नव्हते. एखादी गोष्ट कळू लागली की आनंद व्हावा, असे तो ऐकून होता. त्याला नेहमी थंडी वाजल्यासारखे होई.

परत आत जाऊन त्याने फौजदारांना उठवले आणि वरची दुलई उलगडली. जाड, करडी, स्पर्शाला चरचरीत. आतल्या बाजूला एक मोठे, गोल, पिवळे वर्तुळ उमटले होते.

"कुठल्या दुलया या?"

"कारखान्यातल्या. इथे घरोघरी आहेत," फौजदार म्हणाले. "भट्टी बंद झाली तेव्हा ज्याने त्याने उचलल्या. दाराला लावतात थंडीत. पांघरता मात्र येत नाहीत. काचेच्या तंतूंच्या आहेत. आणि तुम्ही मला हे आत्ता सांगायला लावताय, बसून झाल्यावर."

इस्पितळाच्या लांबलचक ओसरीत नातेवाईक भिंतीला टेकून बसले होते. बाकावर, महिला शिपायाशेजारी, आचारीणबाई होती. पन्नाशीच्या आतली, रुंद खांद्यांची, हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. मुकादमांचा जबाब तिच्यासमोर घ्यायचा म्हणून फौजदारांनी तिला आणवले होते. ती ओसरीतून चालत आली तेव्हा बसलेल्यांनी आपापले पाय आखडून घेतले होते, असे शिपाईबाईने निरीक्षकाला हळूच सांगितले.

"मी अन्न खात्यातून आलोय," तो म्हणाला.

"मग अन्नाबद्दल विचारा. बाकीचं विचारून झालंय सगळ्यांचं."

"डाळ उतरवल्यावर काय केलंत?"

"काय करणार? माझं काम संपलं. मुकादमांना सांगितलं, पराती काढून ठेवल्यात, डाळ त्यांत ओता, खिडक्या उघड्या टाका, झाकू नका. एवढं मोठं भांडं आपोआप निवत नाही. सकाळी पुन्हा चांगली उकळी द्या."

"ते काय म्हणाले?"

"हो म्हणाले. माझ्याशी नीट बोलतही नव्हते. दुपारी भांडण झालं होतं ना."

"आणखी कुणी ऐकलं?"

"तो त्यांचा फुंक्या होता शेजारी." तिने वॉर्डाच्या दाराकडे पाहिले. "म्हणजे आता कुणीच नाही."

"डाळीत सोडा घालता का तुम्ही?"

"मी नाही घालत. चव मरते."

"आणि ते तुम्ही बोललात, पोटात काय जाईल ते बघा—"

"बोलले. निम्मी मजुरी घ्या म्हटल्यावर काय आरती ओवाळू? तुमच्या पोटात बेचव जेवण जाईल, एवढंच मनात होतं. आणि बेचवही नाही केलं शेवटी. मला बेचव करता येत नाही." तिने हात मांडीवर उपडे ठेवले. "साहेब, मुलगी घरी एकटी आहे. दार उघडू नको सांगून आलेय. वसाहतीतली पोरं दारावर दगड मारतायत. मला किती दिवस ठेवतील?"

अहवाल त्याच्या पिशवीत कोराच होता. त्याला काहीतरी धीराचे बोलायचे होते. त्याने फक्त पिशवी खांद्याला लावली आणि तो वॉर्डाकडे वळला.

वॉर्डाच्या दाराशी परिचारिका औषधांची गाडी ढकलत होती.

"मुकादमांना कधी आणलं?"

"कितीदा सांगू? काल, ऊन होतं तेव्हाच. बाकीचे अंधार पडल्यावर. मी डॉक्टरांना म्हटलंसुद्धा, एकट्याला लागली बाधा, बाकीच्या वसाहतीला नाही? मग लागली रांग."

"ही बाधा खाल्ल्याबरोबर जाणवते का?"

"मिरची आहे का ती? बरेच तास जातात. पहिल्या फेरीतले आधी आले, दुसरीतले मागून. अगदी ओळीने, शाळेत बसवल्यासारखे."

निरीक्षकाने मान डोलावली. आता त्याच्या मनात काही शंका शिल्लक राहिली नव्हती, आणि त्यामुळेच आत जावेसे वाटत नव्हते.

मुकादम खिडकीपाशी निजले होते. उंच माणूस, पण चादरीखाली तो कुठे संपतो ते कळत नव्हते. हाताला सलाइन. दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे, ओरखड्यांनी भरलेले. फौजदार खुर्ची ओढून बसले. आचारीणबाई पायथ्याशी उभी राहिली. सून उशाशी.

"मुकादम," फौजदार म्हणाले, "जास्त त्रास देत नाही. ही बाई सकाळी स्वयंपाकघरात आली होती का, एवढंच सांगा."

मुकादमांनी डोळे उघडले. बाईकडे पाहिले नाही. "मला काही आठवत नाही," ते पुटपुटले.

"मी विचारू?" निरीक्षक म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "तुम्ही कुठल्या फेरीला जेवलात?"

"तिसऱ्या. मी नेहमी तिसऱ्या फेरीला बसतो."

"तिसऱ्या फेरीतलं दुसरं कुणी आजारी नाही."

मुकादमांनी डोळे मिटले.

"तिसऱ्या फेरीला लहान पातेल्यातली डाळ होती," निरीक्षक सावकाश सांगू लागला. बोलताना तो कुणाकडेच पाहत नव्हता. सलाइनच्या थेंबांकडे पाहत होता. "त्या डाळीने कुणाला काही झालं नाही. आणि झालं असतं, तरी ते रात्री झालं असतं. तुम्ही तर ती फेरी उठत असतानाच आजारी पडलात. म्हणजे तुमच्या पोटात जे गेलं, ते सगळ्यांच्या आधी गेलं होतं. सकाळी. जेवणाला कुणी यायच्याही आधी. आणि ते मोठ्या पातेल्यातलं होतं."

"मग यांनाही बाईनेच—" फौजदार म्हणाले.

"नाही. बाई संध्याकाळी गेल्या. जाताना सांगून गेल्या, की डाळ परातींत ओता. पण पराती कुणी वापरल्याच नाहीत. वरच्या परातीवर धूळ आहे. डाळ पातेल्यातच राहिली. आणि सकाळी ती गरम होती. कितीही मोठं भांडं असलं, तरी या थंडीत, उघड्यावर, रात्रभर गरम राहत नाही. ते गुंडाळलेलं होतं. फौजदारसाहेब, तुम्ही ज्यांच्यावर बसला होतात, त्या दुलयांमध्ये. एकीच्या आत पातेल्याच्या काठाचं वर्तुळ उमटलंय. कडीत काचेचे तंतू अडकलेत. माझी बोटं अजून चुणचुणतायत. यांचे हात बघा."

सर्वांनी पाहिले. मुकादमांनी हात चादरीखाली ओढण्याचा प्रयत्न केला. नळीने ते जमू दिले नाही.

"यात यांचा वाईट हेतू नव्हता," निरीक्षक म्हणाला. "मुकादमसाहेबांनी सगळा जन्म काच निववण्याच्या भट्टीवर काढला. तापलेली काच झटकन थंड झाली की तडकते. तिला झाकायचं, जपायचं, रात्रभर सावकाश निववायचं. यांच्या हाताला तेवढं एकच ठाऊक. शिवाय गरम राहिली तर सकाळचा गॅस वाचणार होता, आणि गॅस लहान पातेल्यापुरताच उरला होता. पण अन्न असं कोमट राहिलं की त्यात विष धरतं. सकाळी दुलया काढल्या, तेव्हा डाळ आंबली होती."

सून उशापासून थोडी मागे सरकली.

"म्हणून सोडा. सोड्याने आंबटपणा मरतो. पोटातली जळजळ खरी नव्हती, तोवर तरी. पण घाईत थोडा सोडा काठावर सांडला. हळदीला सोडा लागला की ती तांबडी होते. शिजतानाच घातला असता, तर विरघळून गेला असता. ते ठिपके वाळलेल्या खरवडीच्या वर आहेत, म्हणजे डाळ शिजून, उतरून, काठावर वाळल्यानंतर सोडा पडला. आणि शिजलेल्या डाळीत सोडा तोच घालतो, ज्याला ती नासल्याचं कळलेलं असतं." तो थांबला. "हे ज्याला कळलं होतं, त्यानेच ती सगळ्यांच्या आधी खाल्ली. हे मात्र मला उशिरा सुचलं. मी विचार करत होतो, ठाऊक असून माणूस खाईल कशाला?"

खोलीत फक्त शेजारच्या खाटेवरचे कण्हणे ऐकू येत होते.

"वाडगाभर खाल्ली," मुकादम म्हणाले.

फौजदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काठोकाठ वाडगा. म्हटलं, आपल्याला काही झालं, तर ओतून देऊ. बसून राहिलो. दुपारपर्यंत बसलो हो वाट बघत. काहीच झालं नाही. लोक यायला लागले. पोरांनी नवे कपडे घातले होते. बाजार बंद, गॅस संपलेला, पुन्हा आणायला हातात काही नाही. आणि मला काहीच झालं नव्हतं." ते धापा टाकत होते. "थोडं आधी पोटात कळ आली असती, तर मी पातेलं लाथेने उलथवलं असतं. शपथ घेऊन सांगतो. वाढणं संपलं आणि मग आली."

"तेव्हा का नाही सांगितलंत?" फौजदारांनी विचारले. त्यांचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. "लोक वेळेवर इथे आले असते. आणि ही बाई रात्रभर कोठडीत होती."

"आधी वाटलं, मला एकट्यालाच झालं असेल. म्हातारं पोट. मग शुद्ध हरपली. शुद्धीवर आलो तर कुणी म्हणालं, बाईने विष घातलं." त्यांनी पहिल्यांदा पायथ्याकडे पाहिले. "लोकांना बाईचा राग आला होता. मी विचार केला, बाईवर राग धरला, तर पुढच्या वर्षी दुसरी बाई बघतील आणि जेवण होईल. आपल्यातल्याच माणसावर धरला, तर पुन्हा कुणी कुणाच्या हातचं खाणार नाही. कारखाना गेला, त्याची शाळा गेली, त्याचा दवाखाना गेला. तेवढं एक जेवण राहिलं होतं."

"म्हणून मी," आचारीणबाई म्हणाली.

"म्हणून तू."

तिने पदर खांद्याभोवती लपेटून घेतला.

"फुंक्या कसा आहे?" मुकादमांनी विचारले. "त्याला पहिल्या फेरीला बसवला होता मी. मानाचा म्हणून. त्याने विचारलं होतं मला, वास कसला रे येतोय? मी म्हटलं, तुझं नाक भट्टीने केव्हाच खाल्लंय, तुला कसले वास येतायत. हसला. कुठल्या खाटेवर आहे तो?"

सुनेने निरीक्षकाकडे पाहिले. निरीक्षकाने खिडकीकडे. शेवटी फौजदारांनीच सांगितले, एका वाक्यात, टोपी हातात धरून. मुकादमांनी तोंड भिंतीकडे फिरवले. चादरीखालचे अंग हलले नाही, रडलेही नाही. फक्त मोकळा हात दुसऱ्या हाताला खाजवत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

अहवाल ओसरीतल्या बाकावर बसून लिहून झाला. फौजदारांनी तो वाचला, सही केली, आणि शिपाईबाईला मानेने खूण केली.

"जा बाई. सुटलीस."

"आणि ते?"

"बरे झाले की बघू. पहारा बसवतो." ते थोडा वेळ घुटमळले. "बरे झाले तर."

वॉर्डाचे दार उघडेच राहिले होते. आतले बोलणे ओसरीभर पसरायला वेळ लागला नव्हता. आचारीणबाई निघाली तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या प्रत्येकाला सत्य ठाऊक होते. कुणी उठले नाही. कुणी तिच्याकडे पाहिले नाही. आत येताना त्यांनी जसे पाय आखडून घेतले होते, तसेच जातानाही घेतले.

निरीक्षक फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेला. बाहेर दुकाने उघडत होती; सुट्टी संपली होती.

"तुमच्या अहवालाची एक प्रत मिळेल का मला?" तिने विचारले.

"मिळेल. कशाला?"

"कुणी कामाला बोलावलं तर दाखवायला." मग स्वतःच म्हणाली, "नकोच. जिला दाखवावं लागतं, तिला बोलावतात कशाला?"

त्याने पिशवीचा पट्टा उगाच सरळ केला.

"खरंच वाडगाभर खाल्ली त्यांनी?"

"हो."

ती फाटकाचा गज धरून उभी राहिली. रस्त्यापलीकडे कारखान्याची लांब भिंत होती आणि तिच्या टोकाशी घरांची पहिली रांग सुरू होत होती.

"मी त्या तिसऱ्या घरात राहते," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतंय ना, निळं दार? सभागृहाच्या पायरीवरून हाक मारली तर ऐकू येते. मी झाकण उघडताच सांगितलं असतं, फेकून द्या. उरलेल्या तांदळाची पेज केली असती. पातळ. पुरली असती सगळ्यांना."

"त्यांना वाटलं असेल," निरीक्षक अडखळत म्हणाला, "की भांडणानंतर तुम्हाला कसं बोलवायचं."

"हो," ती म्हणाली. "आणि मी खिडकीत बसून होते सकाळभर. वाट बघत. मला वाटत होतं, बोलावतील."

तिने रस्ता ओलांडला. निळ्या दारावर दगडांचे पांढरे वण उठले होते. तिने दार वाजवले, थांबली, पुन्हा वाजवले. दार उघडू नको असे तिनेच बजावून ठेवले होते. निरीक्षक फाटकाशी उभा राहून पाहत होता. ती दाराला तोंड लावून आपण कोण आहोत ते सांगत होती, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. दार बराच वेळ उघडले नाही.